ठोशाचें बळ

बलाढ्य पुरुष म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें: रुंद छाती, भरदार दंड, आणि कोपर दुमडतांच टणक होऊन वर येणारी बेटकुळी. शाळेच्या मैदानावर मुलें एकमेकांचें बळ पाहूं लागलीं कीं, प्रथम दंड दाबून पाहतात, आणि ज्याची बेटकुळी मोठी तो बळकट, असा निवाडा देऊन मोकळीं होतात. ओझें उचलण्याच्या कामीं हा निवाडा पुष्कळदां खराहि ठरतो. परंतु मुष्टियुद्धाच्या रिंगणांत तो वारंवार खोटा पडलेला आहे. तेथें भरदार दंडांचा एखादा योद्धा दहा दहा फेऱ्या ठोसे मारूनहि प्रतिपक्ष्यास खालीं पाडूं शकत नाहीं, आणि दुसरा एखादा सडपातळ गडी एकाच ठोशांत सामना आटोपतो. असें कां व्हावें ? ठोशाचें बळ दंडांत नाहीं, तर मग तें आहे तरी कोठें ? आणि तें जेथें जाऊन पोंचतें तेथें काय करतें ? या प्रश्नांचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊं. मुष्टियुद्धांत योद्ध्यांचे वजनाप्रमाणें वर्ग पाडलेले असतात, आणि त्यांतील सर्वांत जड वर्गास हेवीवेट असें म्हणतात. या वर्गाच्या जागतिक अजिंक्यपदाकरितां अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत टोलेडो या शहरीं ४ जुलै १९१९ रोजीं एक सामना झाला. अजिंक्यपद ज्याच्याकडे होतें तो जेस विलर्ड साडेसहा फुटांहून किंचित् उंच असून त्याचें वजन २४५ पौंड होतें. त्याच्याशीं सामना देण्यास आलेला जॅक डेम्प्सी वजनानें अवघा १८७ पौंड, म्हणजे तब्बल ५८ पौंडांनीं कमी होता. एखाद्या शाळकरी मुलाच्या वजनाएवढा हा फरक ! पण पहिल्या तीन मिनिटांतच तो धिप्पाड विलर्ड सात वेळां जमिनीवर पडला. तिसरी फेरी संपल्यावर तो आपल्या कोपऱ्यांतील आसनावर जो बसला तो चौथ्या फेरीकरितां उठलाच नाहीं.

कोणी म्हणेल, डेम्प्सी विलर्डपुढें लहान दिसला तरी तो कांहीं किरकोळ माणूस नव्हता. तर मग त्याहूनहि हलक्या अशा दोघांची हकीकत ऐका. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यांत १८६३ साली जन्मलेला बॉब फिट्झसिमन्स लहानपणींच न्यूझीलंडमध्यें गेला व तेथें त्यानें लोहारकाम केलें. त्याचे पाय इतके बारीक होते कीं, पाहणारांस हंसूं यावें. तरीहि १७ मार्च १८९७ रोजीं नेव्हाडा संस्थानांतील कार्सन सिटी येथें, सुमारें १६७ पौंड वजनाच्या या गृहस्थानें आपल्याहून जड अशा जेम्स कॉर्बेट यास चौदाव्या फेरींत पाडून हेवीवेट अजिंक्यपद मिळविलें. दुसरा वेल्स देशांतील जिमी वाइल्ड. हा मुलगेपणीं कोळशाच्या खाणींत काम करी. त्याचें वजन बहुधा १०० ते १०८ पौंडांच्या दरम्यान असे, आणि दिसावयास तो इतका फिकट व हडकुळा होता कीं, हातांत हातोडा घेतलेलें भूत असेंच लोक त्यास म्हणूं लागले. या भुतानें १९१६ पासून १९२३ पर्यंत सर्वांत हलक्या वर्गाचें, म्हणजे फ्लायवेटचें, जागतिक अजिंक्यपद आपल्याकडे राखिलें, आणि आपल्या कारकीर्दींत नव्वदांहून अधिक सामने प्रतिपक्ष्यास पाडून जिंकले. त्यांतील कित्येक प्रतिपक्षी त्याच्याहून पुष्कळच जड होते.

हीं उदाहरणें पाहिल्यावर, केवळ वजन किंवा केवळ दंड हें ठोशाच्या बळाचें कारण नव्हे हें उघड होतें. खरें कारण समजण्यास ठोसा म्हणजे काय हें पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

पदार्थविज्ञानाला ठोसा ही एक टक्कर आहे, दुसरें कांहीं नाहीं. टकरेंत तीन गोष्टींचा विचार करावा लागतो: आदळणाऱ्या वस्तूचें वस्तुमान, तिचा वेग, आणि टक्कर जितका वेळ चालते तो काळ. वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. हा संवेग जितक्या थोड्या काळांत दुसऱ्या वस्तूस दिला जाईल तितकें आघाताचें बल अधिक. क्रिकेट खेळणारा मुलगा झेल घेतांना हात किंचित् मागें नेतो, तें याच कारणानें. थांबण्याचा काळ वाढला कीं, बल कमी होतें व हात झिणझिणत नाहीं. ठोसा मारणारास याच्या नेमकें उलट साधावयाचें असतें.

आतां कांहीं आंकडे पाहूं. ऑलिंपिक दर्जाच्या सात मुष्टियोद्ध्यांचे ठोसे मोजून केलेला एक अभ्यास अमेरिकन संशोधकांनीं २००५ साली प्रसिद्ध केला. त्यांत मुठीचा वेग सरासरीनें सेकंदास ९ मीटरांच्या थोडा वर, म्हणजे ताशीं सुमारें ३३ किलोमीटर भरला. हा वेग कांहीं विलक्षण नव्हे. वेगवान गोलंदाजाचा चेंडू याच्या चौपटीहून अधिक वेगानें येतो. परंतु चेंडूचें वस्तुमान सुमारें १६० ग्रॅम असतें, आणि या ठोशांमागें असलेलें वस्तुमान हिशेबानें जवळजवळ २.९ किलोग्रॅम निघालें. म्हणजे ठोशाचा संवेग त्या चेंडूच्या सुमारें चौपट झाला. आघाताचें बल सरासरीनें ३४२७ न्यूटन होतें; साडेतीनशें किलो वजन क्षणभर टेकावें इतका तो भार होय.

येथें एक मौजेची गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मोठ्या माणसाचा पंजा मनगटापासून पुढें सरासरी अर्धा किलोहि भरत नाहीं. हातमोज्याचें वजन त्यांत मिळविलें तरी बेरीज पाऊण किलोच्या आसपास राहते. मग ठोशामागें २.९ किलो कोठून आले ? उरलेले दोन किलोंहून अधिक कोणी दिले ? याचें उत्तर असें कीं, आघाताच्या क्षणीं मूठ एकटी नसते. तिच्या मागें मनगट, कोपर, खांदा व धड हीं सर्व जितकीं घट्ट जोडलेलीं असतील तितका शरीराचा अधिक भाग त्या मुठीबरोबर आदळतो. हातोड्याचा दांडा सैल असला तर घाव फुकट जातो. दांडा पक्का बसलेला असला तर तोच घाव कामीं येतो. त्याच अभ्यासांत असेंहि दिसून आलें कीं, जड वर्गांतील योद्ध्यांचा ठोसा अधिक जोराचा असतो तो मुख्यतः मुठीमागच्या या वस्तुमानामुळें. तेव्हां वजनाचें महत्त्व आहेच. परंतु अंगांत असलेलें वजन निराळें, आणि ठोशांत उतरलेलें वजन निराळें. वाइल्डचें वजन थोडें खरें, पण तें तो ठोशांत उतरवूं जाणत असे.

हें वजन ठोशांत उतरतें कसें ? याचें उत्तर आपल्याकडील राखणदाराच्या गोफणींत सांपडतें. पांखरें हांकणारा राखणदार दगड नुसत्या हातानें फेंकीत नाहीं. त्याचे पाय जमिनीवर रोंवलेले असतात, कंबर फिरते, तिच्या मागून खांदा, खांद्यामागून हात, हातामागून दोरी, आणि सर्वांत शेवटीं दगड सुटतो. प्रत्येक भाग आपली गति पुढच्या भागास देऊन आपण मंदावतो, आणि पुढचा भाग मागच्याहून हलका असल्यामुळें त्याची गति वाढत जाते. ठोशाचीहि रीत हीच. त्याचा आरंभ मुठींत नसून मागच्या पायाच्या चवड्यांत असतो. पाय जमीन मागें रेटतो. जमीन तितक्याच बलानें शरीरास पुढें रेटते. हा रेटा नितंबांच्या वळणांतून कमरेंत, कमरेंतून खांद्यांत, आणि खांद्यांतून मुठींत जातो. बर्फावर किंवा चिखलांत उभें राहून कोणासहि जोराचा ठोसा मारतां येत नाहीं, याचें कारण हेंच.

सोव्हिएट रशियांतील संशोधकांनीं १९८५ साली या साखळीचा हिशेबच मांडिला. त्यांनीं निरनिराळ्या तयारीच्या मुष्टियोद्ध्यांचे सरळ ठोसे तपासले. वरच्या दर्जाच्या योद्ध्यांत ठोशाच्या बळाचा सुमारें ३८ टक्के भाग पायांपासून, ३७ टक्के धडापासून, आणि अवघा २४ टक्के हातापासून आलेला त्यांस आढळला. खालच्या दर्जाच्या योद्ध्यांत हातांचा वांटा ३८ टक्के होता, व पायांचा वांटा १६-१७ टक्क्यांवर आलेला होता. या दोन आंकड्यांतच आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. शिकाऊ माणूस हातानें मारतो. मुरलेला योद्धा पायांनीं मारतो व हात केवळ निरोप पोंचवितो. डेम्प्सी खाणींत राबला होता, फिट्झसिमन्स ऐरणीपाशीं, आणि वाइल्ड कोळशाच्या खाणींत. कुदळ किंवा घण चालविणारास एकट्या हातानें काम रेटतां येत नाहीं. तसें करूं जाईल तर तो दुपारच्या आंतच थकून बसेल. सर्व अंगानें घाव घालण्याचा धडा या तिघांस पोटाच्या धंद्यानेंच दिला असावा, असें म्हणावयास हरकत नाहीं.

डेम्प्सीनें पुढें १९५० साली मुष्टियुद्धावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत आपल्या ठोशाचें इंगित त्यानें उलगडून सांगितलें आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: ठोसा मारतांना पुढचें पाऊल उचलावें, म्हणजे शरीर आपोआप पुढें पडूं लागतें; आणि तें पाऊल जमिनीस लागण्यापूर्वींच ठोसा लक्ष्यावर जाऊन आदळावा. पाऊल आधीं टेकलें तर पडणाऱ्या शरीराचें वजन जमिनीस मिळतें. ठोसा आधीं पोंचला तर तेंच वजन प्रतिपक्ष्यास मिळतें. पृथ्वीचें आकर्षण तर सर्वांनाच फुकट मिळालेलें आहे. तें आपल्या ठोशांत कसें घालावें हें ज्यास कळलें तो बलवान ठरतो.

तथापि एवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. ठोशास लागणारा काळ फारच थोडा असतो. इंग्लंडांतील फ्रँक ब्रुनो या योद्ध्याचा ठोसा १९८५ साली शास्त्रीय रीतीनें मोजण्यांत आला. याच ब्रुनोनें पुढें १९९५ मध्यें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. त्याच्या मुठीनें सुमारें अर्ध्या मीटरचें अंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत कापलें, आणि लक्ष्यास स्पर्श झाल्यापासून सेकंदाच्या सुमारें सत्तराव्या भागांत आघाताचें बल शिगेस पोंचलें. सहा किलो वजनाचा, गादी गुंडाळलेला लांकडी हातोडा ताशीं बत्तीस किलोमीटर वेगानें येऊन लागावा, तसा हा ठोसा असल्याचें संशोधकांनीं सांगितलें. आतां स्नायूस आपलें संपूर्ण बळ प्रकट करण्यास सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. ठोसा तर त्याच्या आधींच संपलेला असतो. म्हणून स्नायूंत एकंदर बळ किती आहे याहून, तें किती लवकर जागें होतें, हें येथें अधिक महत्त्वाचें ठरतें. जड वजनें सावकाश उचलणारा पहिलवान ठोशांत कमी पडतो, त्याचें कारण हें. त्याचें बळ मोठें, पण तें येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

स्नायूंच्या तंतूंत दोन मुख्य प्रकार आहेत. कांहीं तंतू सावकाश आकुंचन पावतात, पण लवकर थकत नाहींत; कांहीं अतिशय त्वरेनें आकुंचन पावतात, पण लवकर थकतात. लांब पल्ल्याच्या धांवपटूंत पहिल्या प्रकारचे तंतू अधिक आढळतात, आणि शंभर मीटर धांवणारांत दुसऱ्या प्रकारचे. जोरदार ठोसा मारणारास या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंचा उपयोग होतो. कोणांत कोणते तंतू किती, हें बऱ्याच अंशीं जन्मतःच ठरलेलें असतें. अभ्यासानें त्यांत फरक पडतो, पण तो मर्यादित.

आणखी एक गुण असा आहे कीं, तो वरवर पाहतां बळाच्या उलट वाटतो. तो म्हणजे सैलपणा. हात पुढें जातांना तो सरळ करणारे स्नायू आकुंचन पावतात. त्याच वेळीं तो दुमडणारे स्नायूहि ताठले तर ते लगामासारखे मागें ओढतात, व वेग मारला जातो. नवशिका रागानें दांत आवळून ठोसा मारतो, तो हळू जातो. कॅनडांतील स्टुअर्ट मॅकगिल व त्यांचे सहकारी यांनीं २०१० साली निष्णात योद्ध्यांचे स्नायू विद्युद्यंत्रांनीं तपासले, तेव्हां त्यांस एक ठराविक ताल आढळला. आरंभीं स्नायू एकदम ताठतात. मध्यें सैल सुटतात. आणि आघाताच्या क्षणीं पुन्हा एकदम ताठतात. पहिल्या ताठण्यानें गति मिळते, मधल्या सैलपणानें ती टिकते, आणि शेवटच्या ताठण्यानें सर्व शरीर क्षणभर एकसंध होऊन मुठीमागें उभें राहतें. मागें ज्या २.९ किलोंचा उल्लेख केला त्यांचा उगम येथें आहे. हें सर्व सेकंदाच्या दशांशांत घडवून आणावयाचें असल्यामुळें तें विचार करून साधत नाहीं. तें अंगवळणीं पडावें लागतें.

या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे मूठ व मनगट. मनगट वांकडें पडलें तर पायापासून आलेलें बळ तेथेंच मोडतें, आणि बहुधा मारणाराचींच हाडें दुखावतात. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनीं हातमोजे आवश्यक केले. मोज्यांमुळें मार सौम्य होतो अशी आपली समजूत असते. कातडी फाटण्याचें प्रमाण त्यांनीं कमी होतें हें खरें. परंतु मोजे मुख्यतः मारणाराचा हात संभाळतात. उघड्या मुठीनें कवटीवर पूर्ण जोरानें मारण्यास माणूस कचरतो, कारण कवटी मुठीहून कठीण असते. मोजा घातल्यावर ती भीति उरत नाहीं.

ठोसा कोठें व केव्हां बसतो, यावरहि त्याचा परिणाम अवलंबून असतो. फिट्झसिमन्सनें कॉर्बेटला पाडलें तें डोक्यावर मारून नव्हे. त्याचा ठोसा बरगड्यांच्या खालीं, पोटाच्या वरच्या मध्यभागीं लागला. तेथें मज्जातंतूंचें जाळें आहे, व श्वासपटलहि तेथेंच आहे. त्या आघातानें श्वास अडकून कॉर्बेट शुद्धीवर असूनहि उठूं शकला नाहीं. डोक्यावरील ठोशांत हनुवटी हें मर्मस्थान होय. ती मानेच्या सांध्यापासून दूर असल्यामुळें तरफेच्या टोंकासारखी आहे; तिच्यावर बाजूनें बसलेला ठोसा सर्व डोकें गर्रकन फिरवितो. आणि ठोसा येतांना दिसला नाहीं तर मानेचे स्नायू ताठत नाहींत, व डोकें अधिकच जोरानें फिरतें. प्रतिपक्षी स्वतःच पुढें येत असला तर त्याचा वेग ठोशाच्या वेगांत मिळतो. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांची टक्कर उभ्या गाडीशीं झालेल्या टकरेहून भयंकर असते, त्यांतलाच हा प्रकार. २३ सप्टेंबर १९५२ रोजीं फिलाडेल्फिया येथें रॉकी मार्सियानो गुणांत मागें पडलेला होता. तेराव्या फेरींत त्याचा उजव्या हाताचा एक आंखूड ठोसा जर्सी जो वॉलकॉटच्या जबड्यावर बसला, व तेथेंच सामना संपला. मार्सियानोचे हात हेवीवेट योद्ध्याच्या मानानें आंखूड होते व त्याचें वजन १८४ पौंड होतें. पण ४९ सामन्यांपैकीं ४९ जिंकून, त्यांतील ४३ त्यानें प्रतिपक्ष्यास पाडून जिंकले.

मग हें बळ ईश्वरी देणगी कीं अभ्यासाचें फळ ? दोन्ही. इंग्लंडांत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत नवशिक्यांच्या मागच्या हाताच्या ठोशाचें बल सुमारें २४०० न्यूटन, मध्यम दर्जाच्या योद्ध्यांचें ३७०० न्यूटन, व श्रेष्ठ योद्ध्यांचें ४८०० न्यूटन भरलें. श्रेष्ठ योद्ध्यांचा ठोसा नवशिक्यांच्या दुप्पट, हा फरक पुष्कळ अंशीं शिक्षणाचा म्हणावा लागेल. परंतु एकाच गुरूच्या हाताखालीं सारखाच अभ्यास केलेल्या दोघांपैकीं एकाच्या ठोशांत विलक्षण बळ असतें व दुसऱ्याच्या नसतें, हेंहि सर्व शिक्षकांच्या अनुभवास येतें. तेथें तंतूंची जात, हाडांची लांबी, सांध्यांची ठेवण व मज्जासंस्थेची त्वरा या जन्मजात गोष्टी येतात. हें बळ वयानें लवकर जातहि नाहीं. जॉर्ज फोरमन यानें ५ नोव्हेंबर १९९४ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरींत पाडून पुन्हा अजिंक्यपद मिळविलें. पायांची चपळाई केव्हांच गेली होती. ठोसा मात्र राहिला होता.

परंतु त्याच फोरमनची दुसरी हकीकतहि सांगितली पाहिजे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजीं आफ्रिकेंतील किन्शासा येथें त्याची महंमद अली याशीं गांठ पडली. तोंवर फोरमननें ४० पैकीं ४० सामने जिंकले होते, त्यांतील ३७ प्रतिपक्ष्यास पाडून. अली दोरांवर रेलून राहिला, हातांआड डोकें झांकून त्यानें ते भयंकर ठोसे अंगावर घेतले, आणि फोरमन थकल्यावर आठव्या फेरींत त्यालाच पाडलें. तेव्हां बळ मोठें असलें तरी धीर व बुद्धि यांपुढें तें सर्वस्व नव्हे.

येथवर आपण ठोसा मारणाराकडे पाहिलें. आतां ज्याला तो लागतो त्याच्याकडे पाहणें न्यायाचें होईल. कारण ठोशाचें बळ अखेर तेथेंच मोजलें जातें. पाण्यानें भरलेली बादली एकदम फिरविली तर बादली फिरते, आंतील पाणी मागें राहतें. मेंदू पाण्यासारखा पातळ नसला तरी अतिशय मऊ असून कवटीच्या आंत द्रवानें वेढलेला असतो. डोकें गर्रकन फिरलें म्हणजे कवटी पुढें जाते, मेंदू मागें राहतो, आणि त्याच्या नाजूक तंतूंस पीळ व ताण बसतो. ऑक्सफर्ड येथील हॉलबर्न या पदार्थवैज्ञानिकानें १९४३ साली जिलेटिनच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून, डोक्याचें असें फिरणें मेंदूस विशेष घातक असतें, हें दाखविलें. त्यापूर्वींच, १९२८ साली, न्यू जर्सीमधील डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनीं असें लिहिलें होतें कीं, वर्षानुवर्षें डोक्यावर मार खाल्लेले कांहीं योद्धे दारू न पितांहि झिंगल्यासारखे चालतात, अडखळत बोलतात, व पुढें त्यांची बुद्धि मंदावते. नंतरच्या संशोधनानें हा मेंदूचा रोग असल्याचें पुरतें सिद्ध झालें.

कधीं कधीं तर एका सामन्यांतच प्राण जातो. क्यूबाचा बेनी पॅरेट डिसेंबर १९६१ मध्यें एका सामन्यांत जबर मार खाऊन पडला होता. चार महिने पुरे होण्याच्या आंतच, २४ मार्च १९६२ रोजीं, तो न्यूयॉर्क येथें एमिल ग्रिफिथशीं पुन्हा लढला. बाराव्या फेरींत कोपऱ्यांत सांपडून दोरांमुळें तो खालीं पडूंहि शकला नाहीं. बेशुद्ध होऊन दहा दिवसांनीं तो वारला. नोव्हेंबर १९८२ मध्यें कोरियाचा किम डुक-कू रे मॅन्सिनीशीं लढतांना चौदाव्या फेरींत पडला व थोड्याच दिवसांत मरण पावला. त्यानंतर जागतिक सामन्यांच्या फेऱ्या पंधरांवरून बारांवर आणण्यांत आल्या. या दोन्ही सामन्यांत मारणारानें नियम मोडलेला नव्हता. त्यानें आपली विद्या उत्तम रीतीनें वापरली, इतकेंच.

म्हणून या विषयाकडे डोळसपणें पाहिलें पाहिजे. प्रतिपक्षी एका ठोशांत पडला म्हणजे प्रेक्षक टाळ्या वाजवितात. पण डोक्यावरील ठोशानें पडणारा माणूस पडतो तो त्याच्या मेंदूचें काम क्षणभर बंद पडल्यामुळें. ज्या बळाची आपण वाखाणणी करतों तें बळ व ती इजा या दोन वस्तू नव्हेत. एकाच वस्तूचीं तीं दोन टोंकें आहेत. ज्या विद्यार्थ्यांस या विद्येची आवड असेल त्यांनीं ती अवश्य शिकावी. परंतु कशाप्रकारें शिकावी याचा विवेक ठेवावा. पायांची ठेवण, कमरेचें वळण, अंगाचा सैलपणा व मनगटाचा सरळपणा हें सर्व वाळूच्या पिशवीवर, उडीच्या दोरीवर व आरशासमोर शिकतां येतें. त्यानें शरीर चपळ होतें, श्वास वाढतो, आणि कोणाच्याहि डोक्यास धक्का लागत नाहीं. सरावांत सोबत्याच्या डोक्यावर पूर्ण जोरानें मारणें हा पुरुषार्थ नव्हे. आणि डोक्यास मार लागून ज्याला घेरी आली, किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली, त्यानें त्या दिवशीं पुन्हा उभें राहूं नये व वैद्यास दाखवावें. त्यास भित्रा म्हणणाऱ्या सोबत्यांस मेंदूची माहिती नाहीं, इतकेंच समजावें.

असो. बेटकुळी दाबून बळाची परीक्षा करणाऱ्या मुलांस यापुढें एवढें सांगतां येईल कीं, ठोशाचें बळ दंडांत शोधूं नका. तें पायांखालच्या जमिनींत, अंगाच्या मेळांत व नेमक्या वेळेंत आहे. आणि तें किती आहे हें मोजावयाचें झाल्यास पिशवीवर मोजा, सोबत्याच्या डोक्यावर मोजूं नका.